नवऱ्याच्या नावाचा चमचा

आमच्या घरचा भात कधी एकसारखा शिजला नाही. एका घासात चार शितं मऊ, दोन कच्ची, मध्येच जवाचा जाडा दाणा, आणि नशीब फुटकं असेल त्या दिवशी खडा. मला स्वयंपाक येत नव्हता असं कुणी समजू नये. माझी आई मोक्पोच्या बंदरावर खानावळ चालवायची, भाताच्या वाफेतच मी वाढले. पण पाळकाच्या घरचा तांदूळ म्हणजे साऱ्या बेटाचा तांदूळ. कुणाचा यंदाचा, कुणाचा दोन वर्षं रांजणात पडलेला, कुणाची नुसती कणी. इतक्या घरचे दाणे एका भांड्यात कोंबल्यावर ते एकमतानं शिजणार कसे? आमच्या चर्चच्या मंडळीच्या बैठकीत माणसांचं कधी एकमत झालं नाही, तिथे तांदळाला काय बोल लावायचा!

दोल्सोम बेटावर त्या काळी रोकडा पैसा कमीच. लोकांकडे काय, तर थोडी भातखाचरं, मीठ, आणि थंडीत समुद्रातून काढून वाळवलेलं शेवाळ. चर्चला कमाईचा दहावा हिस्सा, दशमांश, मोजायचा तर कशाचा मोजायचा? म्हणून आमच्या बायकांची आपली एक रीत होती. भात चढवायच्या आधी, घरात जेवणारी जितकी तोंडं, तितके चमचे तांदूळ बाजूला काढायचे आणि चुलीशेजारी टांगलेल्या कापडी पिशवीत टाकायचे. रविवारी ती पिशवी चर्चच्या दाराजवळच्या लाकडी पेटीत रिकामी करायची. त्यावर पाळकाचं घर चालायचं, आणि कुणी आजारी, एकटंदुकटं असेल त्याच्या दारी त्यातलंच थोडं जायचं.

आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान आणि बेटाचे पाळक, उपदेशाला उभे राहिले की सांगायचे, "उरलंसुरलं देवाला देऊ नका. ज्याचा चमचा, तो त्याच्याच वाट्यातून काढा." बायका माना डोलवायच्या, आणि घरी जाऊन सगळ्यांचे चमचे मुकाट्यानं आपल्याच वाट्यातून काढायच्या. नवऱ्याच्या वाडग्याला हात लावायची कुणाची छाती? साहेबांचं सांगणं अक्षरशः पाळणारी अख्ख्या बेटावर एकच बाई निघाली. ती सेमगोलकरीण.

तिचं नाव ओकबुन. पण लग्न होऊन होडीतून उतरली त्या दिवसापासून सगळे तिला माहेरच्या गावावरून सेमगोलकरीण म्हणत, आणि तीही त्याच नावाला ओ देई. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. नवरा तिच्याही आधी गेला. हाडापेरानं दणकट, बोलायला कमी, आणि हात बारा महिने लाल. तिला कुणी एक गोष्ट सांगितली की ती तेवढीच आणि तशीच करायची. हा तिचा गुण होता की खोड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या बाळंतपणात दाईनं बजावलं होतं, जड उचलू नकोस. सासूनं पाण्याची घागर पुढे केली तर हिनं हात मागे घेतला. सासू कडाडली, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "दाईला विचारून या, मग उचलते." सासू दाईकडे गेलीसुद्धा!

चर्चमध्ये ती पहिल्यांदा आली ती काही देवाच्या ओढीनं नाही. थंडीचे दिवस होते, शेवाळाच्या चटया वाळत घालून बोटं बधिर झालेली, आणि आमच्या चर्चमध्ये शेगडी पेटलेली. हात शेकायला म्हणून आत शिरली. उपासना चालू होती, मध्येच उठणं बरं दिसत नाही म्हणून शेवटपर्यंत बसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. मग येतच राहिली.

तिचा नवरा बांग मानसोक. तळ्याखालची सगळ्यात चांगली खाचरं त्याची. बायकापोरांबद्दल त्यानं कधी चांगला शब्द काढला नाही, पण स्वतःच्या तांदळाबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. बायको चर्चला जाते हे कळल्यावर त्यानं फार आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, "तिकडे जा, नाहीतर समुद्रात जा. माझा भात वेळेवर मिळाला पाहिजे. आणि या घरातला एक दाणा त्या पाळकाकडे जाईल असं माझ्या हातून व्हायचं नाही, सांगून ठेवतो."

आता बघा, तो म्हणाला 'माझ्या हातून'. बाईनं ते तसंच धरून ठेवलं असावं.

बेटावर रोजचा भात जवाचा. बांगच्या घरी मात्र भांड्याच्या एका कडेला मालकापुरता पांढरा तांदूळ वेगळा शिजायचा. मुलं मोठी होऊन कामधंद्याला मोक्पोला गेली आणि घरात जेवणारी दोनच तोंडं उरली. सेमगोलकरणीच्या पिशवीत जव असायचे, आणि तेवढेच पांढरेशुभ्र तांदूळ. मी एकदा विचारलं, "ताई, हा पांढरा कुणाचा?"

"त्यांचा."

"त्यांना माहीत आहे?"

"भात कमी का म्हणून विचारतात. मी सांगते, एक चमचा कमी आहे."

"मग?"

"हसतात. म्हणतात, उद्या घाल."

"आणि तो चमचा गेला कुठे, हे नाही विचारत?"

"नाही. विचारलं तर सांगीन."

मला हसावं की डोक्याला हात लावावा कळेना. "अहो, पण तुमच्या वाट्यातून दोन काढा की. बाकीच्या तेच करतात. कशाला विस्तवाशी खेळता?"

तेव्हा ती जे म्हणाली ते तिच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांबलचक बोलणं असेल. "माझ्या वाट्यातला दिला तर तो माझाच झाला. उद्या ते वर गेले न् कुणी विचारलं, तू काय आणलंस, तर काय दाखवतील? मला कळतं, पाळकीणबाई, चमच्यानं स्वर्ग विकत मिळत नाही. साहेब सांगतात ते ऐकते मी. पण कुणाच्या घरी जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? मला ते नाही बघवणार."

हे तिच्या मनातलं दुखणं. नवऱ्यानं चर्चला यावं असं ती कधी म्हणाली नाही, त्याच्यासाठी रडून प्रार्थना केल्याचंही मी पाहिलं नाही. तो रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढीच तिची धडपड होती.

पुढे एका शरदात भाताची कापणी उरकली आणि तळ्याच्या बांधाची पाणी अडवायची फळी बसवताना मानसोक घसरून पडला. मांडीचं हाड दुखावलं. हाडवैद्यानं पट्टी बांधून सांगितलं, हलायचं नाही. आम्ही तिघं भेटीला गेलो. साहेब, मी, आणि मंडळीचे पंच प्यो. चुलीच्या धगीनं खालून तापलेल्या जमिनीवर गादी घालून मानसोक पडला होता. आम्हाला बघताच त्यानं भिंतीकडे तोंड केलं. उठून जाता येत नव्हतं, म्हणून तेवढंच करू शकला बिचारा.

पंच प्यो माणूस भला, पण त्यांची प्रार्थना म्हणजे गावाचं वर्तमानपत्र. कुणाची गाय व्यायली, कुणाची सून रुसून गेली, सगळं देवाला तपशीलवार सांगायचे, जणू देवाला बेटावरचं काही ठाऊकच नाही. आणि डोळे मिटून प्रार्थना चालू झाली की मध्येच कुणी कुणाला अडवायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. पेटीतला तांदूळ मोजून घ्यायचं काम पंचांकडेच होतं. त्यांनी सुरुवात केली.

"हे दयाळू प्रभू, तळ्याचा बांध कुठे खचलाय ते तू पाहतोसच. सरकारी माणूस अजून फिरकला नाही, तेही तू पाहतोस. हा तुझा लेक मानसोक इथे वेदनेत पडलाय. त्यानं तुझ्या घराची पायरी चढली नाही, हे खरं, प्रभू..."

इथे मी खोकले.

"...पण दोन्ही वेळेला त्याच्या वाट्याचा चमचा तुझ्या पेटीत येतो, वर्षानुवर्षं येतो, न चुकता येतो, आणि आम्हा सगळ्यांच्या तांदळापेक्षा त्याचाच तांदूळ उजवा असतो..."

मी पुन्हा खोकले. साहेबांनी पंचांच्या गुडघ्याला गुडघा लावला. पंचांना वाटलं, आपल्या प्रार्थनेला भरती येतेय म्हणून साहेब साथ देताहेत. त्यांनी आवाज चढवला आणि त्या पांढऱ्या तांदळाचं असं वर्णन केलं की दाणा न् दाणा डोळ्यांपुढे उभा राहावा. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. सेमगोलकरीण हात जोडून बसली होती आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

आमेन झालं. भिंतीकडून आवाज आला, "कसला चमचा?"

सेमगोलकरीणच म्हणाली, "तुमच्या नावाचा. तुमच्या वाडग्यातला. मी काढायचे."

मानसोकनं कण्हत मान वळवली. पण त्यानं बायकोकडे पाहिलंच नाही, साहेबांकडे पाहिलं. "पाळक, इतकी वर्षं माझा तांदूळ खाल्लात तुम्ही?"

"खाल्ला," साहेब म्हणाले.

"मी दिला होता?"

"अहो मानसोकभाऊ," पंच मध्ये पडले, "देवाला दिलेलं परत मागतं का कुणी?"

"दिलेलं म्हणजे? दिलं कोणी ते तर सांगा! मी दिलं असेल तर माझी जीभ झडो. माझा तांदूळ मला आणून द्या. एक पोतं भरून आणा, वर जास्तीचं झालं असेल ते सोडलं."

पंच फुरफुरायला लागले. साहेबांनी मात्र बसल्या जागी पाठ ताठ केली, आणि ती ताठ पाठ मला चांगलीच ओळखीची. "बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. "आणून देतो."

गल्लीत आलो तशी सेमगोलकरीण मागून धावत आली, पायात चपलासुद्धा नव्हत्या. "साहेब, परत नका आणू. माझ्या पाया पडण्यानं होत असेल तर पडते. तुम्ही परत आणलंत तर त्यांचं तिथे काहीच उरलं नाही."

"ताई, माणसानं स्वतः दिलं नाही, ते दान नव्हे. ते मी ठेवून घेतलं तर दुसऱ्याच्या घरातली वस्तू ठेवल्यासारखं होईल."

"म्हणजे मी चोरी केली?"

साहेब खाली बघत म्हणाले, "मीच सांगितलं होतं ना, ज्याच्या त्याच्या वाट्यातून. ज्याच्या त्याच्या हातानं, हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. इथून पुढे त्यांना भरलं वाडगं वाढा. तुमच्या नावाचा चमचा तेवढा आणत जा."

ती उभी राहिली. मग अनवाणीच घराकडे वळली. त्या क्षणी साहेबांचा मला इतका राग आला की घरी जाईपर्यंत मी त्यांच्याशी शब्द बोलले नाही. सत्यवचनी नवऱ्याचा संसार करायचा म्हणजे काय, हे ज्या बाईनं केलाय तिलाच विचारा.

चर्चची पेटी रिकामी केली. पोतं भरेना. मग आमच्या घरातला रांजण उपडा केला, तेव्हा कसंबसं भरलं. पंच म्हणाले, मी याला हात लावणार नाही, आणि रागानं घरी गेले. साहेबांनी ओझ्याची लाकडी चौकट पाठीला बांधली, पोतं चढवलं, आणि भर दिवसा वाकून वाकून गावातून चालत गेले. सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या घरी उकडलेली रताळी, आणि मंडळीतल्या बायका सेमगोलकरणीशी बोलेनाशा झाल्या. "हिच्यापायी पाळकाच्या घरात भात शिजत नाही," असं तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. ती मात्र दर रविवारी यायची, एका चमच्याच्या हिशेबानं जेमतेम तळ भरलेली पिशवी पेटीत रिकामी करायची, आणि मागे भिंतीला टेकून बसायची.

पोतं नेलं त्या दिवशी मानसोकनं त्यात हात घातला, मूठ वर काढली, आणि म्हणाला, "हा माझा तांदूळ नाही."

"नाही," साहेब म्हणाले. "तुमचा आम्ही खाऊन बसलो. हा सगळ्यांचा आहे."

त्यानं मूठ पुन्हा पोत्यात सोडली. पण मागितलेलं आलं होतं, आता नको म्हणणार कुठल्या तोंडानं? बायकोला म्हणाला, "यातलाच शिजव." तिनं शिजवला. शिगोशीग वाडगं भरून पुढे ठेवला. त्यानं पहिला घास घेतला आणि दाताखाली खडा आला. दुसऱ्या घासाला कच्चं. हट्टी माणूस, संपवलं सगळं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आयुष्यभर स्वतःच्या शेतातला एका जातीचा तांदूळ खाल्लेल्या माणसाला साऱ्या गावाचा भात पचवावा लागला. खरं सांगते, ऐकून माझा जीव थोडा निवला.

काठी टेकत चालायला लागल्यावर तो धक्क्यावर गेला, तर तिथले रिकामटेकडे टपलेलेच होते.

"काय मानसोक, पाळकाच्या वाट्याचा भात गोड लागतो का?"

"अरे, त्याला नमस्कार करा, आपले नवे पाळक आहेत ते!"

"रविवारी उपदेश कधी सुरू करताय?"

तो चिडून परत फिरला, तर वाटेत गोप्दान म्हातारी भेटली. मिठागराच्या कडेला एकटी राहायची, जमिनीचा तुकडा नाही, कापणीनंतर लोकांच्या शेतात पडलेल्या लोंब्या वेचून आणायची. तिनं मात्र टोमणा मारला नाही. त्याच्या पायाची चौकशी केली आणि म्हणाली, "बाबा, त्या पोत्यात माझेही चमचे आहेत हो. जपून चाव. मला आताशा दिसत नाही, निवडताना खडे राहून जातात."

"तू कशाला देतेस?" तो खेकसला. "तुझ्याकडे आहे काय?"

"जेवते की मी," म्हातारी म्हणाली. "जेवते म्हणून देते."

हे त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं, रागारागानंच सांगितलं, म्हणून मला कळलं. त्या दिवशी त्यानं वाडग्यात तळाशी थोडा भात ठेवला आणि वाडगं पुढे सरकवलं. "हे घे. दे तुझ्या पाळकाला."

"शिजलेलं चालत नाही. उष्टं तर मुळीच नाही."

"मग काढ तुझा तो चमचा पहिल्यासारखा! मी काही बोलणार नाही."

"आता नाही काढणार," ती म्हणाली. "साहेबांनी सांगितलंय. तुम्हाला हात आहेत."

कुणाच्या बायकोनं असं तोंडावर सांगितलं असतं तर आमच्या बेटावर भांडी उडाली असती. पण ती काही उलट उत्तर देत नव्हती, जे सांगितलं होतं तेवढंच करत होती, आणि हे त्यालाही इतक्या वर्षांत कळलं होतं. त्यानं वाडगं पुन्हा ओढून घेतलं आणि राहिलेला भात संपवला.

मग थंडीच्या तोंडाशी कोबीचं लोणचं घालायचे दिवस आले. त्या दिवसांत रुसवे-फुगवे चालत नाहीत. एका घरचं लोणचं एकटीनं होत नाही. त्यामुळे तिच्याशी न बोलणाऱ्या बायकासुद्धा बाह्या सारून बांगच्या अंगणात हजर. खारवलेले कोबी धुऊन डोंगरासारखे रचलेले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मुळा चिरत होते. सेमगोलकरीण कोपरापर्यंत तिखटात बुडालेली. सगळ्यांच्या दुपारच्या भाताची वेळ झाली होती.

तेवढ्यात मानसोक काठी टेकत आला आणि माझ्या शेजारून सरळ स्वयंपाकघरात शिरला. आमच्याकडे पुरुष तिथे पाऊल टाकत नाही. अंगणातले सुऱ्यांचे आवाज बंद पडले.

"मालक, वाट चुकलात का?" एकीनं विचारलं.

"तिखट चाखायला आले असतील."

"नाही गं, कोबी धुवायला आलेत. द्या त्यांना टोपली!"

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एका रांजणाचं झाकण उचललं, तर आत सोयाबीनचा आंबवलेला गोळा. भपकन वास आला, झाकण आदळलं. दुसऱ्यात सुकी मासळी. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. बेटावरचा सगळ्यात चांगला तांदूळ पिकवणारा माणूस, आणि तो घरात कुठे ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं.

"तांदूळ कशात असतो गं?" तो शेवटी ओरडला.

सेमगोलकरणीनं कोपरानं दाखवलं. त्यानं भोपळ्याचा तुंबा घेतला, रांजणात खुपसला आणि काठोकाठ भरून वर काढला. नव्या हंगामाचा तांदूळ, त्याचा स्वतःचा. "पिशवी कुठेय तुझी?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझ्या नावाचं घालतोय. गावभर झालंय, बांगच्या घरात मालकच तेवढा फुकट खातो. घे, मागचे-पुढचे सगळे एकदम."

ती हात पुसत आत आली आणि खिळ्याला टांगलेल्या पिशवीपुढे उभी राहिली. "एक चमचा," ती म्हणाली.

"एक? मी काय भिकारी आहे?"

"जेवणारा माणूस एक, चमचा एक. गोप्दान आजीचाही एकच असतो."

"मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"काही नाही."

टोमणा नव्हता तो. भरती किती वाजता येणार हे सांगावं, तितक्या सरळपणे म्हणाली. मला मात्र वाटलं, संपलं. इतक्या वर्षांत हा माणूस आज आपणहून इथवर आलाय, बाई, घे की तो तुंबा, देवाला काय तुंबा जड होणार आहे? तो तुंबा आता जमिनीवर आपटणार आणि पुन्हा कधी या दारात यायचा नाही, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असणार. पण ती बाजूला झाली नाही.

मानसोकचे कान लाल झाले. तो कधी तिच्याकडे, कधी तुंब्याकडे बघत दुखऱ्या पायावर तसाच उभा राहिला. मग त्यानं तुंबा रांजणात उलटा केला. थोडे दाणे बाहेर सांडले.

"दे चमचा," तो म्हणाला.

तिनं दिला. त्यानं तो रांजणात घातला आणि शीग लावूनच वर काढला, आणि ही शीग तरी चालते का, म्हणून बायकोकडे पाहिलं. तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं. त्यानं मनगटापर्यंत हात पिशवीत घातला आणि चमचा आत पालथा केला.

"झालं?"

"संध्याकाळी पुन्हा."

"रोज?"

"रोज जेवता ना?"

अंगणात हास्याचा असा काही कल्लोळ उठला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मानसोक काहीतरी पुटपुटत, काठी आपटत निघून गेला. बायका पुन्हा कोबीकडे वळल्या, आणि त्यांच्यातल्याच एकीनं आत डोकावून सेमगोलकरणीला विचारलं, "मीठ बघतेस का गं जरा?" कितीतरी दिवसांनी कुणी तिला असं हाक मारून विचारलं होतं.

पण तिचं लक्ष नव्हतं. रविवार नव्हता, पिशवीही भरलेली नव्हती, तरी तिनं ती खिळ्यावरून काढली, तोंड घट्ट बांधलं आणि माझ्या मांडीवर, मुळ्याच्या फोडींवरच आणून ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. मी हातातली सुरी खाली ठेवली.

"पाळकीणबाई," ती म्हणाली, "साहेबांना सांगा, हा मात्र परत करायचा नाही."